मडक्याची किंमत

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपले गावप्रमुख हाशिमदादा लातार, मशिदीचे इमामसाहेब, होडीचे तांडेल जाफर, आणि उन्हातान्हात किनाऱ्यावर जमलेल्या माझ्या बांदा एली गावच्या बायाबापड्यांनो, सर्वांना सलाम.

मी नूरसिआ, सितनाची आत्या. तिला माती मळायला मी शिकवलं, म्हणून चार शब्द बोलायचा मान मला मिळाला. चारावरच थांबेन असं मात्र नाही. अध्यक्षमहाराज, हसू नका.

जायफळापायी डचांनी बांदा बेटं उजाड केली आणि आपले पूर्वज होड्यांतून या किनाऱ्याला लागले, त्याला चारशे वर्षं झाली. तरी आपण स्वतःला बांदाचेच म्हणवतो ना? सितना शहरात शिकून शिल्पकार झाली, तिनं हाच विषय धरला. गेल्या वर्षी ती दारोदार फिरली. "आत्या, घरटी एक मडकं हवंय. होडीच्या आकारात मांडणार आहे." तेव्हा आपले अध्यक्षच म्हणाले होते, "गाडगी-मडकी बघायला कुत्रं तरी येईल का?"

आले की हो! युरोपातल्या संग्रहालयाचे बडे साहेब आले. मडकी पाहून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "सगळी घेतो. किंमत सांगा."

सितना म्हणाली, "आमच्याकडे मडक्यात मावेल ती त्याची किंमत."

"म्हणजे तांदूळ?"

"शेजारच्या बेटांकडून आम्ही सागोच्या माडाचं पीठ घेतो. तुम्ही बांदाची माती द्या. स्वतः खणून, भरून."

साहेब हसले. ही हसली नाही. साहेब आले तसे परत गेले.

गाव खवळलं. मीही ओरडले, "अगं, घरी चालून आलेलं नाव घालवलंस!"

ती शांतपणे म्हणाली, "आत्या, त्यांना माल हवा, किंमत द्यायला नको. जायफळाच्या वेळी हे आपल्याबाबत एकदा झालंय."

मग मी गप्प बसले. मी गप्प बसते म्हणजे काय, ते गावाला ठाऊक आहे.

आज ती तीच मडकी घेऊन बांदाला निघाली आहे. तिथल्या वाळूवर मांडणार आणि मातीनं भरून परत आणणार. दर्या खवळलेला असतो, मडकी फुटतील, सगळं सांगून झालं. म्हणते, "फुटली तर पुन्हा घडवू." या पोरीचा मला फार अभिमान वाटतो, हे आज सगळ्यांदेखत सांगते.

सितना, त्यातलं सगळ्यात मोठं मडकं माझं आहे. मुद्दाम मोठं केलंय. माझ्या आजीच्या कबरीवर इथली माती पडली, आईच्याही. माझ्यावर बांदाची पडली पाहिजे. माझं वय झालंय खरं, पण तू येईपर्यंत मी काही जात नाही.

एका तोंडाळ म्हातारीचं तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. कुणाला बोचलं असेल तर पोटात घाला, अध्यक्षांनी तर घालाच.

जाफर, भरती आली. सोड होडी.