प्लायवरून आलेला उजेड

(एका फोटो स्टुडिओचे दोन भाग. मध्ये प्लायवूडची भिंत, छतापर्यंत न पोचलेली. अलीकडे थोरला भाऊ आणि त्याची बायको, पलीकडे धाकटा.)

थोरला : पुन्हा चमकला! बघ, मी हात लावलाय का? कॅमेरा तिथे टेबलावर, मी इथे, आणि हा फ्लॅश आपला आपण पेटतोय.

बायको : नवीन आहे ना. उत्साह असेल.

थोरला : तुला थट्टा सुचतेय. सराफांची सून आत्ता येईल दागिने घेऊन. मागच्या वेळी तिच्या सासऱ्याने फोटो बघून काय विचारलं, आठवतंय ना? "हे सोनं आहे की पितळ?" आज शेवटची संधी आहे. आज बिघडलं तर कॅटलॉग गेला दुसऱ्याकडे.

बायको : म्हणून तर जुने दिवे भंगारात घालून हा सेट आणलात.

थोरला : जुन्याचं नाव काढू नकोस. डबडी होती नुसती. हे बघ, वायर नाही, काही नाही, रिमोटचं बटण दाबलं की तिन्ही फ्लॅश एकदम... पुन्हा! पुन्हा चमकला मेला!

बायको : अहो, ऐकून तर घ्या. पलीकडे भाऊजींनी फोटो काढला की आपला फ्लॅश पेटतो. मी मघापासून बघतेय.

थोरला : त्याचा इथे काय संबंध?

बायको : त्यांनीही हाच सेट घेतलाय. खोका दारात पडलाय त्यांच्या. तुम्ही तिकडे मान वळवत नाही, म्हणून दिसला नाही.

थोरला : नक्कल! जन्मभर दुसरं केलं काय त्याने?

बायको : त्यांनी आधी घेतला. तुमच्याआधी.

थोरला : मग काय झालं? दिव्याची छत्री धरणाऱ्याला काय डोंबल करायचाय रिमोटचा सेट?

धाकटा : वहिनी, भिंत प्लायची आहे. सगळं ऐकू येतं.

थोरला : ऐकू येऊ दे. त्यासाठीच बोलतोय. त्याला सांग, तुझा रिमोट आवर.

बायको : भाऊजी, तुमच्या रिमोटने आमचे दिवे पेटतात हो.

धाकटा : आणि तुमच्या रिमोटने माझे. सकाळी एक आजोबा आले होते पासपोर्टच्या फोटोला. दर वेळी ऐनवेळी भलताच उजेड, की त्यांचे डोळे मिटलेले. वैतागून उठून गेले. तुमच्या ह्यांना म्हणावं, रिमोटवर चॅनल असतो. दोन्हीकडे एकच लागलाय. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलंय.

थोरला : पुस्तिका वाचून फोटो काढायला मी काल नाही आलो या धंद्यात. त्याला सांग, चॅनल तू बदल.

बायको : तुम्हीच बदला ना. एक बटण तर दाबायचं.

थोरला : मी का म्हणून? थोरला कोण?

बायको : थोरलेपणाचा आणि बटणाचा काय संबंध? कुठलं बटण ते माहीत नाही, असं सरळ सांगा की.

धाकटा : राहू द्या वहिनी, मीच बदलतो. त्यांना सापडेपर्यंत संध्याकाळ होईल. झालं. आता खुशाल मारा म्हणावं.

थोरला : ऐकलंस? कसा नाकाने कांदे सोलतोय बघ. अर्धं आयुष्य माझ्यामागे छत्री धरून उभा राहिला आणि आता मला चॅनल शिकवतोय.

बायको : ते मागे उभे होते, म्हणून तुमचे फोटो बघवत होते. तुम्ही गिऱ्हाइकाला हसवायचात आणि बटण दाबायचात. दिवा कुठे ठेवायचा, किती वाकवायचा, हे कधी बघितलंत?

थोरला : दिव्यात काय बघायचंय? स्टँडला तीन पाय असतात. कुठेही ठेवला तरी उभा राहतो.

धाकटा : हे मात्र खरं बोलले. उभा राहतो.

बायको : आणि एवढ्या माणसाची चारचौघांत ओळख काय करून दिलीत? "हा आमचा छत्रीवाला!" पाटीवर माझंही नाव घाला, एवढंच तर म्हणत होते भाऊजी. त्यानंतर आली ही मधली प्लायची भिंत.

थोरला : मग खोटं काय बोललो? छत्री धरायचा, छत्रीवाला म्हटलं. गप्प बस आता, पावलं वाजताहेत.

सराफांची सून : येऊ का काका? हा हार आणलाय आधी. मामंजींनी निक्षून सांगितलंय, फोटो तिथेच बघून यायचे. मागच्यासारखे असतील तर दागिने घेऊन परत.

थोरला : या, या! मागचं विसरा. सगळा सेट नवा घेतलाय खास तुमच्यासाठी. अगं, हार ठेव त्या काळ्या मखमलीवर. हं... हे बघा! काय उजेड आहे!

सराफांची सून : काका, हा तर मागच्यापेक्षा वाईट आला. मधे पांढरा डाग, कडेला काळं. नक्षी कुठे गेली?

थोरला : थांबा, पॉवर वाढवतो. या सेटला पॉवर भरपूर आहे.

सराफांची सून : आता तर हारच दिसत नाही.

थोरला : तुम्ही जरा बाजूला उभ्या राहता का? तुमची सावली पडत असेल.

सराफांची सून : मी दारात उभी आहे, काका.

धाकटा : वहिनी, त्यांना विचारा, हार टेबलावर आहे की छताला टांगलाय? सगळा उजेड माझ्या छतावर येतोय.

थोरला : तू तुझं बघ!

धाकटा : माझं छत आहे, ते मी बघणारच. वहिनी, सोन्यावर दिवा मारायचाच नसतो. सोनं म्हणजे आरसा. समोर जे असेल तेच त्यात दिसतं. दिवा ठेवला तर दिवा दिसेल, दुसरं काय? पांढरा पडदा घ्या, हाराच्या दोन्ही बाजूंनी येईल असा उभा करा आणि दिवे पडद्यावर मारा. पॉवर सगळ्यात कमी. महागाचा आहे म्हणून पूर्ण जोर लावून मारायचा नसतो.

थोरला : काही गरज नाही. माझं मला कळतं.

बायको : काय कळतं ते दिसलं आत्ताच. सरका बाजूला. हा पडदा धरा. असा नाही हो, आडवा नाही, उभा! भाऊजी, लावला पडदा. पुढे?

धाकटा : डावा दिवा खाली. आणखी खाली. आता छतावर काही येत नाही, म्हणजे जागेवर आला. हाराच्या समोर काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी उभी करा, म्हणजे नक्षीच्या कडा उठतील. मारा म्हणावं.

थोरला : मारतोय. मला काय शिकवतोस?

सराफांची सून : अगंबाई! काका, मण्यांवरची कलाकुसर एकेक दिसतेय! मामंजी खूश होतील. काय लायटिंग केलंत हो!

थोरला : सांगितलं होतं ना, नवा सेट आहे. या सेटची बातच वेगळी. जुन्या दिव्यांवर असलं होत नाही.

सराफांची सून : आणि पलीकडून सांगत होते ते कोण?

थोरला : ते? शेजारी आहेत. मधे मधे बोलायची सवय आहे. लक्ष देऊ नका.

बायको : अहो!

थोरला : काय अहो? पाहुण्यांसमोर घरचं काढायचं असतं का?

बायको : लाज वाटते मला तुमची. खरंच वाटते.

सराफांची सून : बरं काका, आता हा हिऱ्यांचा सेट. कॅटलॉगच्या पहिल्या पानावर हाच जायचाय. हा जमला की कॅटलॉग तुमचा, मामंजींनी तसं सांगूनच पाठवलंय.

थोरला : आत्ता घ्या. पडदा आहेच लावलेला. हं... झालं.

सराफांची सून : काका, हे हिरे आहेत ना? साखर सांडल्यासारखी दिसतेय.

थोरला : पुन्हा घेतो. पडदा जरा जवळ ओढ गं.

बायको : ओढला. आणखीच मेले हिरे.

सराफांची सून : सोन्याला जमलं, मग याला का नाही? मला चमक हवीय. मामंजी असं पान बघूनसुद्धा घेणार नाहीत.

थोरला : अगं... त्याला विचार.

बायको : मी नाही विचारणार. तुम्हाला तोंड आहे. आत्ताच चालवलंत ना ते?

थोरला : अगं, ती निघालीय बघ, डबी बंद करतेय. विचार ना.

बायको : नाही.

थोरला : ए छोट्या... ऐकतोयस ना? हिऱ्याला दिवा कुठे ठेवायचा रे?

धाकटा : वहिनी, शेजारच्यांना सांगा, नव्या सेटला विचारा. मी दुकान बंद करून घरी निघालोय.