माझ्या ‘व्हय’बिगर रथ हलत न्हाई

…आणि वर मलाच विचारत्यात, ‘पाटील, तुमाला काम काय असतंय?’ काम काय? तुम्हाला सांगतो, देवाशप्पथ, यातलं एक अक्षर खोटं न्हाई… बरं, एखाद्या ठिकाणी जरा हात सैल सुटला असंल, पण बाकी लख्ख खरं! मंठाळच्या पल्याड आमचं गाव. वतन गेलं, वसुली तलाठ्याकडं गेली, भांडणं पोलिसाकडं गेली, उरलं काय? जत्रेतला एक शब्द! देवळाचा पुजारी पंचाक्षरी स्वामी रथापुढं उभा राहून तीनदा विचारणार, ‘पाटील, हलू का रथ?’ दोनदा मी गप. तिसऱ्यांदा म्हणायचं, ‘व्हय!’ की सगळं गाव दोराला! माझ्या ‘व्हय’बिगर रथ हलत न्हाई, म्हणजे न्हाई!

यंदा पंचायतीनं ठराव केला, रथ खालच्या गल्लीतनं बी जाणार. आजवर त्या लोकांनी दुरूनच हात जोडले. अध्यक्षा राजश्री त्याच गल्लीची. झालं! आमचा मेहुणा लिंगराज फणफणत आला, ‘दाजी, तुमी राजे हाव का बुजगावणं? न्हाई म्हणा की! कामून गप बसायलाव?’ तेवढ्यात राजश्री दारात. ‘अप्पा, ठराव झालाय. तुमी व्हय म्हणायचं. तेवढं जोरात म्हणा, आमच्या गल्लीपतोर ऐकू याया पाहिजे.’ आता ह्याला हुकूम म्हणावं का विनंती? मी बी ताठ मानेनं म्हणलो, ‘बघू!’ राजाला एवढं तर म्हणता येतंय की न्हाई? माझ्या ‘व्हय’बिगर रथ हलतोय व्हय?

जत्रेदिवशी आमच्या बायकोनं, उमादेवीनं, फेटा इतका आवळला की डोळे कपाळात! ‘पाटील, हलू का?’ गप. लिंगराज डोळे वटारायलाय. ‘पाटील, हलू का?’ गप. खालच्या गल्लीच्या तोंडाशी चन्नम्मा म्हातारी आरतीचं ताट घेऊन उभी. ‘पाटील…?’ मी देशाची राज्यघटना आठवली, लोकांचा ठराव आठवला, छाती फुगवली, आणि असा ‘व्हय!’ ठोकला की पिंपळावरची वटवाघळं उडाली! रथ वळला. चन्नम्मानं चाकाला हळद लावली, आणि माझ्याकडं असं बघितलं… जाऊ द्या. माझ्या ‘व्हय’बिगर हललाच नसता!

बरं, वटवाघळं खोटी. गावात पिंपळच न्हाई. आणि… ती राज्यघटना आठवली, ते बी खोटंच. तुमच्यापासून काय लपवायचं, मी ‘न्हाई’ म्हणायचं ठरवूनच उभा होतो हो! तोंड उघडलं, आणि निघालं ‘व्हय’! सात पिढ्यांत त्या जाग्यावर दुसरा शब्द कुणी उच्चारलाच न्हाई, ऐन वेळी जीभ शिकणार कुठनं?