भिंतीवरची घोंगडी

चहा घ्या आधी, मग सांगतो. तरुणपणी ज्या मालकांची गुरं मी वळली, त्यांच्या घराचं आता संग्रहालय झालंय. दर रविवारी तिथं एक मुलगी जुन्या वस्तूंची माहिती सांगते. मी बायकोला घेऊन गेलो होतो.

एका घोंगडीखालची पाटी मुलीनं वाचली, "मालकांची घोंगडी."

बायको म्हणाली, "न्हाई बाई. ही माझ्या बापानं विणून जावयाला दिलेली हाय. कोपरा उलटा, लाल दोऱ्यानं मीच शिवलाय."

मुलीनं कोपरा उलटला. लाल दोरा होता.

बायको माझ्याकडं वळली. "तुमी तर म्हनलते, वडगावच्या बाजारात चोरीला गेली!"

बापाची घोंगडी हरवली म्हणून चाळीस वर्षं ती मला बोलत आली होती. मी हळूच म्हणालो, "थंडीत मालकांची गाय व्याली. कालवड लई कुडकुडत होती, तिच्यावर टाकली. मालकाला परत मागायची लाज वाटली."

"आन् मला सांगायला काय झालतं?"

"तुझी भीती वाटली."

सगळे हसले. ती हसली नाही. मुलीनं विचारलं, "आजी, घरी नेता का?"

तिनं मलाच विचारलं, "जगली का ती कालवड?"

"जगली. थोरल्याच्या वेळी मालक दूध द्यायचे ना? ते तिचंच."

बायको जरा वेळ घोंगडीवर हात ठेवून उभी राहिली. मग मुलीला म्हणाली, "राहू द्या हितंच. पाटी तेवढी बदला. लिहा, कालवडीची घोंगडी."