नऊ कळ्या आणि बंद खोली

जबाब देणार: गल्लीत ‘मोटारवाले तात्या’ म्हणून परिचित, वय ५६, धंदा पाण्याच्या मोटारींची दुरुस्ती, राहणार टाकीमागे, घर नंबर ७.

ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारल्यावरून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. पत्नी दवाखान्यात परिचारिका असून एकवीस वर्षे रात्रपाळीला आहे. परसात मी ब्रह्मकमळ वाढवलं आहे. ते रात्री उमलतं आणि सकाळी मान टाकतं. पत्नीने आजवर मान टाकलेलीच फुलं पाहिली.

म्हणून यंदा कळ्या धरताच मी कुंडी मागच्या सामानाच्या खोलीत नेली, खिडकीला पुठ्ठे ठोकले आणि दहा दिवस रात्रभर मोठा दिवा, दिवसभर काळोख, असा उलटा कारभार चालवला, म्हणजे कळ्या दिवसाला रात्र समजून पत्नी घरी असताना उमलतील. पत्नीला सांगितलं, “आत मोटारीचं वार्निश वाळतंय, दार उघडू नकोस.”

रोज सकाळी दिवा बंद करताना मी कळ्यांशी बोलत असे. “बायांनो, धीर धरा, थोडेच दिवस राहिलेत.” शेजारच्या निवृत्त मास्तरांनी ते भिंतीपलीकडून ऐकलं. “याने आत बायका डांबल्यात,” असं ते सुनेला म्हणाले, ते मीही ऐकलं. नुसत्या आवाजावरून मोटारीचा बिघाड सांगणारा माणूस मी, हे कसं सुटेल? तरी खुलासा केला नाही. मास्तरांच्या तोंडात तीळ भिजत नाही. गोष्ट तासाभरात पत्नीपर्यंत गेली असती. ही चूक मला मान्य आहे.

आज सकाळी अकरा वाजता हवालदारसाहेब मास्तरांना घेऊन आले. “आत कोण आहे?” मी आनंदाच्या भरात बोलून गेलो, “नऊ जणी! आत्ताच उमलतायत. साहेब, पटकन आत या, पण दार लावा, ऊन नको!” साहेबांनी काठी सावरली. मी झिरोचा बल्ब लावला. नऊच्या नऊ उमललेल्या, बशीएवढ्या, पांढऱ्याशुभ्र. साहेबांनी टोपी काढली.

गलक्याने पत्नी झोपेतून उठून आली. “अहो, काय करून ठेवलंत?” म्हणाली आणि मग आत पाहिलं. पुढची दहा मिनिटं ती एकेका फुलाशी वाकून वास घेत होती.

मास्तरांविरुद्ध माझी तक्रार नाही. ते अजून आमच्या त्या खोलीतच स्टुलावर बसलेत. पत्नीला जबाबासाठी आज बोलावू नये, ही विनंती.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी बोललो तसंच उतरलं आहे, म्हणून सही करतो. वेळ दुपारी १२.४०. फुलं संध्याकाळपर्यंतच आहेत, तरी मला लगेच सोडावं.