कुणाची मंडळी

घालाल की कुलूप, देऊळ काय पळून चाललंय व्हय? आदी टेका हितं पायरीवर. ऊन बगा कसलं पडलंय. तुमी नगरच्या मोठ्या आफिसातलं पाळक, यष्टीनं लांबनं आलाय, तर खरं काय त्ये ऐकून तरी जा. मी रंगनाथ. भागूबाईचा नवरा. ह्याच देवळात लगीन लागलं आमचं, आन् ह्ये देऊळ बंद करा म्हनून नगरला सांगाय गेल्तो, त्यो बी मीच. पौषात गेल्तो. तुमी आलाय आता, चैत सरल्यावर! प्रभूची मानसं, सवडीनंच यायची.

मंडळी किती म्हन्ता? हॅ! मंडळी! मिशनचा गोरा साहेब हुता ना, तवा हितं तीळ ठिवाय जागा नसायची. दुधाची पावडर, पिवळं पीठ, तेलाचं डबं — काय भक्ती, काय भक्ती! आमचा रंभाजी तर डोळं मिटून असा रडायचा, की बगनाऱ्याला वाटावं, गडी आता सरळ स्वर्गातच चाललाय. साहेब गेला समिंदरापल्याड, पावडर सपली, रंभाजीचं डोळं उघडलं. त्याच्या शेजारी बसायचा त्या सहादूला इचारा, त्यो म्हनल, आमी कवा गेल्तो बा देवळात? आन् औंदाच्या नाताळाला तुमच्या थोरल्या पाळकानं येऊन काय सांगावं — मंडळी म्हंजी ख्रिस्ताची नवरी! एकनिष्ठ! अंगावर डाग न्हाई, सुरकुती न्हाई! कुनाला सांगत हुता? पुढ्यात एकली भागूबाई — त्वांडावर सुरकुत्यांचं जाळं, लुगड्याला ठिगळ. मी बाहेर उभा हुतो, मला हसूच फुटलं. आन् ही? ही पन्नाशीची बाई, पदर वढून, मान खाली घालून बसली — परवा हळद लागल्यावानी! आवो, आमच्याकडं बायकूलाच मंडळी म्हन्त्यात. माझी बी मंडळी तीच, आन् त्याची बी मंडळी तीच. एका बाईला दोन नवरं, आन् पानी वाहून आनतंय कोन? मी!

मग ह्यो दुष्काळ. सडकंचं काम निगालं, सगळं गाव खडी फोडाय लागलं. आमचा मुकादम, कारभारी नावाचा, त्यानं सांगितलं, सुट्टी बाजाराच्या दिशी, आयतवारी कामावर यायचं. ही म्हनली, आयतवारी मी येनार न्हाई. त्यो म्हनला, का गं, कोन वाट बगतंय तुजी? तर म्हनती कशी — "माजा धनी वाट बगतोय." झालं! सगळी मानसं वळून माझ्याकडं बगाय लागली, साहेब. मी तिथंच की, दोन हातांवर, घन घेऊन उभा! ज्याला उमगलं न्हाई त्यो हसला, आन् ज्याला उमगलं त्यो जास्तीच हसला. येडी हाय म्हनून कारभाऱ्यानं सोडून दिलं, कामावर खायाला मिळती ती आयतवारची सुकडी तेवढी बुडाली तिची. मला इचाराल तर त्या दिशी माजं नाक कापलं गेलं. त्याच हप्त्यात मी नगर गाठलं. म्हनलं, एका येडीपायी कशाला देऊळ उघडं ठिवताय? घाला कुलूप.

न्हाई, मी पयल्यापासनं असा न्हवतो. आवाज हुता मला. गीत मी उचलायचो, झांजा मी धरायचो. पोरगी झाली तवा नाव बी त्याच्याच पुस्तकातलं ठिवलं — सुवार्ता. पाच वर्साची हुती. पटकी आली गावात, सांजच्याला पोरगी गेली. आन् दुसऱ्या दिशी आयतवार. माज्या नखातली माती निगाली न्हवती आजून, आन् घंटा वाजाय लागली! ही उठून गेल्ती, झाडलं, घंटा वाजवली. मी म्हनलं, कुठल्या त्वांडानं गेलीस गं? असा असतो व्हय नवरा? तुजं लेकरू तडफडून गेलं, आन् ह्यो दारात बी आला न्हाई! तर म्हनती, "त्यो आल्ता. तुमी बगितलं न्हाई." ...बगितलं न्हाई! मांडीवर कुनाच्या मेली पोरगी? माज्या. मला दिसला असता की. तवाधरनं पाय न्हाई ठिवला मी आत.

— काय? न्हाई, न्हाई ठिवला. म्हंजी... एक डाव. त्यो धरायचा नसतो.

फागनात ऊन लागलं तिला खडीवर. अंग तव्यावानी तापलं. मला वळखंना. आन् आयतवारी फाटंचं बगतो तर ही उठून उंबऱ्यात पडलीया — म्हनं झाडायचं ऱ्हायलंय. म्हनलं, पड गप, मी जातो. आलो. झाडलं. लई घान, चिमन्यांनी काड्या पाडल्याल्या. घंटा हानली. मग म्हनलं, आलोयच तर सांगावं त्याच्या त्वांडावर. म्हनलं, बग, रंभाजी गेला, सहादू गेला, मी बी गेलो, ही येक न्हाई गेली. गावानं हसून हसून वाट लावली हिची, तरी न्हाई गेली. तुजी येवढी येकच, आन् माजी बी येवढी येकच. पोरगी नेलीस, आता हिला नेशील, तर तुला तरी हितं कोन ऱ्हायलं रं? मग... मग गप बसवंना, साहेब. गीत म्हनलं. मोठ्यानं म्हनलं — तिला घरी ऐकू जावं, तिनं उठून यिऊ नये म्हनून. दुसरं काय बी कारन न्हाई. घरी गेलो तर डोळं मिटूनच म्हनती, "दुसऱ्या कडव्याला लई वर चढला तुमी." रातीला ताप उतरला. त्यानं न्हाई उतरवला! डागदराच्या गोळीनं उतरला. उगं डोकं हालवू नका.

आन् आता काय मी जात न्हाई. बाहेर बसतो आयतवारचा. तापानं तिचा आवाज बसलाय, वरचा सूर निगत न्हाई, चिरकती, ऐकवत न्हाई मानसाला — म्हनून तेवढा सूर मी बाहेरनं धरतो. बाहेरनंच! त्याला काय भक्ती म्हन्त्यात व्हय? तुमी पाळक लोक, तुमाला कुटं बी नवरीच दिसती. रंभाजीत दिसली, सहादूत दिसली, आन् आता माज्याकडं बी तसंच —

थांबा. ती बगा, वढ्याच्या अंगानं येतीया. आज लवकर कसं सुटलं काम? उठा साहेब. उठा म्हन्तो ना! त्ये कुलूप पिशवीत घाला आदी. नगरला कोन गेल्तं, कशाला गेल्तं, येक शबुद काडायचा न्हाई तिच्यापुढं. तिकडनं नगं, समोरासमोर पडाल. ह्या मागल्या बाभळीतनं जा, सडक लागती. यष्टी न्हाई गावली तर चालत जा, तरनं हाय तुमी. आफिसात काय बी सांगा — वाट चुकलो म्हना. जा! बगताय काय असं?

...अगं, कोनी न्हाई. वाटसरू हुता, गेला. घमेलं दे इकडं. दे म्हन्तो ना.