पट्टीचं दुसरं टोक

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या बाजारपेठ दुकानदार मंडळाचे आधारस्तंभ आदरणीय अनिलशेठ, पोलादपूरहून मुद्दाम आलेल्या प्रमुख पाहुण्या वैशालीताई, मंडळाचे कार्यवाह विपुल, आणि समोर बसलेल्या माझ्या गिऱ्हाइकांनो, शेजाऱ्यांनो, सर्वांना भागोजी फ्रेमवाल्याचा नमस्कार.

अडतीस वर्षं मी महाडात तुमचे फोटो चौकटीत बसवले. आता दुकान बंद करून परवा रविवारी मुलाकडे, दीपेशकडे, विरारला चाललो आहे. निरोप घेणाऱ्याने आभार मानून खाली बसायचं असतं, हे मला ठाऊक आहे. पण मला तुमच्याकडे एक मागणं आहे. ते ओठावर यायला जरा वेळ लागेल, तोवर अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे पाहू नये.

आधी मानपत्राविषयी बोलतो. गेल्या मंगळवारी विपुल कागद उलटा धरून दुकानात आला. म्हणाला, "काका, याला फ्रेम करायचीय, पण आतला मजकूर वाचू नका." आता न वाचता कागद मध्यावर बसवायचा कसा? वाचला. म्हणजे वैशालीताईंनी आत्ता जी माझ्या हाती दिली, ती फ्रेम मीच केलेली आहे. हसा, हसा. विपुलचा त्यात काही दोष नाही, तो दुसरीकडे जाणार तरी कुठे होता? पण काचेच्या जागी लावलेल्या त्या ॲक्रिलिकची, त्या पारदर्शक प्लॅस्टिकची, कड जवळून बघा. कुठे टवका नाही, कुठे चरा नाही. एवढं कौतुक माझं मीच करून घेतो.

हे ॲक्रिलिक माझ्या हाती आलं एकवीसच्या पुरानंतर. घराघरांतल्या फ्रेमा फुटल्या होत्या आणि लोक म्हणत होते, आता काच नको. मी काचेवर वाढलेला माणूस. काच कापताना हिरा एकदाच फिरवायचा असतो, पुन्हा त्याच रेघेवर गेलात की काच बिघडते. पहिल्या ॲक्रिलिकलाही मी तेच केलं. एक रेघ मारली, टेबलाच्या कडेवर ठेवून दाबलं, आणि शीट तिरकी तडकत गेली. माझी बायको ललिता समोर उभी होती. म्हणाली, "अवो, ही काच नाय हाय. हिला घाई खपत नाय." मग आम्ही दोघं शिकलो. शीटवर चिकटवलेला कागद सोलायचा नाही, पोलादी पट्टी ठेवायची, आणि एकाच रेघेवर कटर दहा-बारा वेळा हलक्या हाताने ओढायचा. चर पुरेसा खोल गेला की मगच कडेवर दाबायचं. तेवढ्या वेळात पट्टी केसभरसुद्धा हलता कामा नये. म्हणून मोठ्या शीटला समोर दुसरं माणूस लागतं. माझ्या समोर ललिता असायची.

त्याच वर्षी उमरठकडच्या रखमावहिनी नवऱ्याचा फोटो घेऊन आल्या. तेराव्याला लावायचा होता. स्टुलावर बसल्या त्या नुसत्या फोटोकडे बघत राहिल्या, डोळ्यांत टिपूस नाही. ललिताने त्यांना उठवलं आणि आपल्या हातातलं पट्टीचं टोक त्यांच्या हातात दिलं. "धर गो घट. तुजाच माणूस हाय." मी कटर ओढू लागलो. चौथ्या-पाचव्या ओढीला वहिनी रडू लागल्या, पण पट्टी त्यांनी हलू दिली नाही. तेव्हापासून आमच्या दुकानात रीत पडली, गेलेल्या माणसाचा फोटो असला तर दुसरं टोक घरच्याच माणसाने धरायचं. या सभागृहातल्या किती जणांनी ते धरलंय, मला चेहरे आठवतात. अनिलशेठ, तुमच्या आईंच्या वेळी तुम्ही पट्टीवर पार वाकला होतात.

ललिता जाऊन चौदा महिने झाले. तिचा फोटो टेबलाच्या खणात तसाच आहे. पुतणीच्या लग्नातला आहे, ती कुणाला तरी हाक मारतेय. माप घेतलेलं आहे, शीट बाजूला काढलेली आहे. तुम्ही म्हणाल, मग अडलंय कुठे? विपुलचं मानपत्र मी दोन क्लॅम्प लावून एकट्यानेच कापलं की. हिचंही तसं कापता येईल. दोनदा क्लॅम्प लावले आणि दोनदा सोडले. समोर कुणी नाही, नुसतं लोखंड आहे, असं मला तिच्या बाबतीत करवत नाही.

दीपेश तिच्या दिवसकार्याला आला होता. त्याचा फोन सारखा वाजत होता, नोकरीचं माणूस, पट्टी धर असं मी त्याला म्हटलं नाही. त्याने आपणहून विचारावं असं मला वाटत राहिलं, ही माझी चूक. मध्यंतरी फोनवर म्हणाला, "बाबा, टेन्शन घेऊ नका, इथे ऑनलाइन मस्त फ्रेम मिळते." मुलगा चांगला आहे. त्याला ही रीत माहीतच नाही, कारण मी सांगितली नाही. आता सांगायला जावं तर फोनवर आवाज फुटत नाही, आणि इथे दीडशे माणसांसमोर बोलतोय. मी फार एकटा पडलोय, मंडळी. शालीच्या कार्यक्रमात हे बोलायचं नसतं, पण दुसरीकडे कुठे बोलू?

तर मागणं एवढंच. ललिताला मी फ्रेमशिवाय विरारला नेणार नाही. उद्या सकाळी दहा वाजता दुकान शेवटचं उघडेन. तुमच्यापैकी ज्याला आपण तिच्या घरचे आहोत असं वाटत असेल, त्याने यावं आणि पट्टी धरावी. कळवायची गरज नाही. कुणी आलं नाही तरी माझा राग नाही.

मंडळाने हा मान दिला, आपण सगळे हातातली कामं टाकून आलात, याबद्दल अंतःकरणापासून आभार. बोलण्याच्या ओघात प्रसंग सोडून गेलो असेन, कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर म्हाताऱ्याला सांभाळून घ्या. आणि उद्या येणाऱ्याने दारात चपला काढू नयेत. जमिनीवर तुकडे असतात, पायात जातात.