तिन्हीसांजेचं बंद दार

मी मूळची वसईकडची, किरिस्ताव. घर कसं व्हतं विचाराल तर आता न्हाई सांगता यायचं, निसता निळा उजेड आठवतो आणि लाटांचा आवाज. लग्न झालं पास्कूशी, तो पेशव्यांच्या तोफखान्यात गोलंदाज, म्हणून पुण्याला आले. काय सांगू तुम्हाला, इथं पहाटे मुठेवर धुकं उतरलं की मला वाटायचं भरती आली, आता दारापर्यंत पाणी येणार, आणि मी आपली उंबऱ्यात उभी, पास्कू म्हणायचा, अगं इजा, नदी हाय ती, म्हशी बसतात तिच्यात.

आळीत आमचं एकच घर किरिस्तावाचं. पास्कू म्हणाला, कशाला लोकांच्या डोळ्यांवर यायचं, देव घरात हाय तो घरातच असू दे. म्हणून दिवेलागणीला मी दार लावून घ्यायची, क्रुसापुढं दिवा लावायची, गुडघे टेकून आमच्या फिरंगी बोलीत प्रार्थना पुटपुटायची. या गावात तिन्हीसांजेला दार कुणी लावत न्हाई, लक्ष्मी यायची वेळ ती, हे आम्हाला कुठलं ठाऊक. आळीभर दारं उघडी, आमचं तेवढं बंद, आणि आतनं पुटपुटणं.

झालं. समोरच्या भागाबाईचा नातू तापानं फणफणला आणि बोभाटा उठला, किरिस्तावीण दार लावून करणी करते. पाणवठ्यावर बाया मला बघून घागरी उचलायला लागल्या. आळीतली थोरली माणसं म्हणाली, घर खाली करा. पास्कू गाठोडी बांधायला बसला. मला रडू फुटलं, घर जाणार म्हणून न्हाई हो, माझ्या देवाचं नाव करणीला जोडलं म्हणून.

त्या सांजेला मी दार सताड उघडलं. पास्कू नको नको म्हणत राहिला. रस्त्यावरनं दिसेल असा क्रूस टांगला, दिवा लावला आणि मोठ्यानं, मराठीतनं म्हणाले, देवा बापा, समोरच्या लेकराला बरं कर. बाहेर चुलींचा धूर पसरलेला, त्यात माणसं तरंगल्यासारखी उभी. भागाबाई पुढं झाली, उंबऱ्यातनं आत डोकावली, म्हणाली, एवढंच व्हय? मग दार कशाला लावत व्हतीस, पळून जातो काय तुझा देव?

भागाबाईपुढं बोलायची आळीत कुणाची छाती नव्हती. गाठोडी सुटली. पोर पुढं बरं झालं, तिनं वैद्याला मानलं, मी देवाला, त्यावरनं आमचं कधी वाजलं न्हाई.

आता पास्कू न्हाई. पेशवे सरकारनं आमच्या किरिस्तावांच्या देवळाला जागा दिलीय, पण तिथवर पाय पोचत न्हाईत. परवा तर उठवतच नव्हतं, डोळ्यांपुढं सगळं धूसर, आणि त्यात एक उजेड हलताना दिसला. बघते तर म्हातारी भागाबाई, क्रुसापुढची वात सारतीय, म्हणाली, दिवा लावला गं, पुढं काय म्हणायचं असतं, मला तुझं येत न्हाई. म्हटलं, तुझं येतं ते म्हण, त्याला सगळं कळतं. तिनं तिचं शुभंकरोती म्हटलं, आणि मी डोळे मिटून हात जोडले.